दिवेवालीची जागा

६ फेब्रुवारी

सिमेंटच्या कंपनीने मुलाला ही डायरी फुकट दिली. महिनाभर ती शेडमधल्या डुगडुगत्या टेबलाखाली टेकण म्हणून होती. आज मी काढून घेतली. मुलगा म्हणाला, "लिही बाई, तेवढीच माझ्या गिऱ्हाइकांची सुटका." मुलाचा दगड कापायचा कारखाना आहे. कारखाना कसला, पत्र्याची शेड, एक मोठा कटर आणि नाकातोंडात धूळ. स्वयंपाकाचे ओटे आणि जिन्याच्या पायऱ्या कापून देतो. मी दारात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करते. सून त्याला फिरकी घेणं म्हणते.

चौथीपर्यंत शाळा झाली माझी, तीही छडीच्या जोरावर. अक्षर बरं आहे. अकलेचं लोकांना विचारा.

लिहायचं कारण असं की आज भाषणराव शेडमध्ये धावत आले. हे नाव मीच ठेवलंय. पोस्टमास्तर होते, आता जुन्या मंडपाच्या समितीचे अध्यक्ष आहेत. पाणी मागायचं तरी आधी सभेला वंदन करतात. आज मात्र वंदन नाही की काही नाही. पायरीवर बसले आणि रडायला लागले. मी घाबरले, म्हटलं घरात कुणी गेलं की काय.

"वहिनी, दिवेवाली सापडली. परत येतेय."

मंडप आमच्या गावचा, हजार वर्षांचा. सगळा दगडी. दाराच्या दोन बाजूंना हातात दिवा घेतलेल्या दोन बायका कोरलेल्या. त्यांतली उजवी माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत चोरांनी करवतीने कापून नेली. तिच्या जागी आता उभी आहे ती आमच्या ह्यांनी घडवलेली. हे पाथरवट होते. आता ते नाहीत, त्यांची दिवेवाली आहे.

जुनी म्हणे परदेशात कुणा श्रीमंताच्या बागेत उभी होती, कारंज्याशेजारी. आपल्या सरकारने कागदपत्रं दाखवून मागून घेतली. भाषणराव डोळे पुसत म्हणाले, "भारतीय संस्कृतीचा विजय आहे हा!" एरवी मी त्यांच्या भाषणावर काहीतरी टोला हाणला असता. आज माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. आपली चीज आपल्या घरी येतेय.

आणि त्याच पावली दुसरं मनात आलं. ही आली, तर आमची कुठे जाणार?

११ फेब्रुवारी

चोरी झाली तेव्हाचं आठवतंय. हे कामावरून भरदुपारी परत आले, हात न धुता भिंतीला टेकून बसले. मला वाटलं बोटावर हातोडा बसला. म्हणाले, "तिला कापून नेलं गं." जसं काही सख्ख्या बहिणीला पळवलं.

पुढे दारावरची आडवी शिळा तडकायला लागली. एका बाजूचा आधारच गेला होता ना. सरकारी माणसं म्हणाली, विटांचा खांब उभा करू. हे उसळले. "दिवेवालीच्या जागी विटा? मग दुसरीच्या हातातला दिवा काढून तिथे बल्ब लावा!" आणि स्वतः जाऊन सांगून आले की दगड मी देतो, काम मी करतो.

काम चांगलंच केलं. पण तिच्या चेहऱ्याबद्दल माझं भांडण होतं, अजून आहे. डावी जुनी कशी, नाक चाफेकळी, मान कलती. आमच्या ह्यांची बघावी तर नाक बसकं, हनुवटी पुढे, आणि एक भुवई अशी वर चढलेली की आता कुणाला तरी बोलणार. मी विचारलं, "ही कोण?" तर म्हणाले, "आहे एक." पुढे विचारलं तर हसत सुटायचे.

मला कळायचं ते कळलं. मंडपासमोर पिठाची गिरणी होती. मी दुपारचा डबा घेऊन जायची आणि हे खाली उतरेपर्यंत गिरणीच्या पायरीवर बसून राहायची. तिथून स्वच्छ दिसायचं, ह्यांची दिवेवाली सरळ गिरणीकडे बघतेय. गिरणीवाली दिसायला बरी होती, पण नाक तिचंही काही बसकं नव्हतं. म्हटलं, प्रेमात माणसाला नाक कुठलं दिसायला. तिच्याशी मी कितीतरी वर्षं सरळ बोलले नाही. दळण लांबच्या गिरणीतून आणलं.

१९ फेब्रुवारी

आज पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. तिशीबत्तिशीची पोरगी, पायात जाड बूट, कानाला पेन. लाकडाच्या हातोडीने दगडाला टकटक करते आणि कान लावून ऐकते. मी तिचं नाव दगडाची डॉक्टरीण ठेवलं. तिला आवडलं.

घरी आली, सुनेने चहा दिला. कप हातात धरून बसली, पिईना.

"आजी, हे मला गोड करून सांगता येत नाही."

"मग तिखट करून सांग. माझी जीभ मेलीच आहे."

तिने परत आलेल्या मूर्तीचा फोटो दाखवला. मी चष्मा पुसून पुसून पाहिला. काय ते काम! पदराच्या चुण्या अशा की हात लावला तर हलतील. पण घोट्यापासून खाली काही नाही. चोरांनी तिथूनच करवत घातलेली. पाय गेले कुठे तरी.

मग डॉक्टरणीने नीट सांगितलं. दारावरच्या शिळेचा सगळा भार ह्यांच्या दगडावर आहे. तो काढला तर दार खाली येईल. जुनी मूर्ती कापताना पातळ झालीय, तिला भार पेलणार नाही. तेव्हा एकच मार्ग. ह्यांच्या दगडाचा मागचा भाग ठेवायचा, पुढची मूर्ती कापून काढायची, आणि तिथे जुनी बसवायची.

"कापून म्हणजे? अख्खी निघेल?"

"नाही आजी. तुकडे होतील."

"आणि नाही कापली तर?"

"तर जुनी मोठ्या शहरातल्या संग्रहालयात राहील. जागा चांगली आहे. पण घरी नाही यायची. एकदा तिथे मांडली की मग कुणी हलवत नाही."

भाषणराव कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "ह्यात विचारायचं काय? राष्ट्राचा ठेवा आहे!"

डॉक्टरीण म्हणाली, "परवानगी सरकारची आहे, सर. पण ज्याने दगड घडवला त्याच्या घरी विचारल्याशिवाय मी छिन्नी लावत नाही. महिनाअखेरीला मला कळवायचंय."

जाताना उंबऱ्यात थांबली, माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तुमच्या यजमानांनी कुणाला समोर बसवून तो चेहरा केला होता का?"

"समोर दगड होता. आणि दगडाच्या पलीकडे गिरणी."

सुनेला एकाएकी ठसका लागला. चहा पिताना बोलू नये म्हणून हजारदा सांगितलंय.

२३ फेब्रुवारी

घरात तोंडं फिरलेली. गावात एवढा मोठा दगड कापायचं मशीन मुलाकडेच आहे. म्हणजे कापणार तो. काल जेवताना म्हणाला, "मी हात लावणार नाही. बाहेरून माणूस आणा, नाहीतर ती बाई राहू दे तिकडे संग्रहालयात. बाबांचं एकच काम राहिलंय ह्या जगात."

सून म्हणाली, "पण ती बिचारी घरी यायची वाट बघतेय."

"दगड वाट बघत नाही."

"तुमच्या बाबांना सांगून बघायचं होतं हे."

तो ताटावरून उठला. मी कधी नाही ते गप्प. सुनेने मला विचारलं, "आई, तुम्हाला बरं नाही का?" माझी टवाळी बंद झाली की ह्या घरात ताप मोजतात.

मी वरवर म्हणते, कापा त्या भवानीला, गिरणीकडे बघून बघून मान अवघडली असेल तिची. पण त्या दगडावर ह्यांचा हात फिरलाय. तिच्या खांद्यावर, केसांवर, एकेका बोटावर. माणूस गेला तेव्हा मी त्याचे कपडे देऊन टाकले, चपला देऊन टाकल्या, अवजारं मुलाने घेतली. वाटायचं, रस्त्याने जाताना दिसतंय ना, मग घरात कशाला हवं. आता रस्त्यानेही दिसायचं नाही.

२६ फेब्रुवारी

आज उन्हात एकटीच मंडपात गेले. पहारेकरी पेंगत होता. दोघींच्या मध्ये उंबऱ्यावर बसले.

हे जुन्या दिवेवालीजवळ जाताना चपला बाहेर काढायचे. मी हसायची, "देव आहे का ती?" म्हणायचे, "देव कुठला, बाई आहे. पण करणारा बघ ना. त्याच्याकडे साधं लोखंड होतं, माझ्याकडे पोलाद आहे. तरी मला तिची करंगळी जमत नाही. आम्ही दगड फोडतो, ते लोक दगडाला विचारत होते." कुणा राजाचं नाव त्यांना सांगता यायचं नाही, लढाया माहीत नव्हत्या. पण ह्या दाराशी उभे राहिले की त्यांची पाठ ताठ व्हायची. मी एवढ्या वर्षांत दुसऱ्या कशानेही ती तशी ताठ झालेली पाहिली नाही, पगार वाढल्यावरसुद्धा नाही.

मग तिचा विचार आला, त्या बागेतल्या. कारंज्याशेजारी. तिथे येणारे म्हणत असतील, छान आहे हो मूर्ती. हातात दिवा का आहे हे तिथे कुणाला ठाऊक? दिवा कुणाच्या वाटेवर धरायचा होता? दारच नाही तिथे. दाराविना दिवा धरून उभी राहिली एवढी वर्षं.

बाईमाणूस परक्याच्या अंगणात उभं असताना आपलं घर "जागा नाही" म्हणत असेल, तर ते घर कसलं?

ह्यांच्याकडे बघून म्हटलं, म्हणजे ह्यांच्या दगडाकडे, "मी हो म्हणून येतेय. रागावायचं तर आत्ता रागवा." भुवई वर करून बघत राहिली ती. मी उठले.

परत येऊन मुलाला सांगितलं, "कापायची. आणि तूच कापायची. बापाचा दगड आहे, परक्याचा हात नको." तो कटरचं पातं पुसत होता. पुसतच राहिला. शेवटी म्हणाला, "तू समोर बसशील?"

म्हटलं, "पहिल्या रांगेत."

१४ मार्च

आज अक्षर बिघडलं तर बिघडो.

सकाळीच मंडपात गेलो. दारावरच्या शिळेला लोखंडी टेकू दिले होते. खालून गादीसारखी पोती. भाषणराव, सून, खात्याची माणसं. मला खुर्ची. मुलाने खडूने रेघ मारली, मूर्तीच्या कडेने. रेघ मारताना त्याचा जबडा असा आवळलेला, अगदी लहानपणी इंजेक्शन घेताना आवळायचा तसा. कटर सुरू केला. तो आवाज रोज ऐकते मी, पण आज माझ्या दातांत गेला.

डॉक्टरीण म्हणाली, "एक मिनिट." तिला सवय आहे, शेवटचं एकदा टकटक करायची. मुलाने मशीन बंद केलं. ती वरून खाली ठोकत आली. छातीपाशी टक. कमरेपाशी टक. पायाशी आली आणि थांबली. परत ठोकलं. मलासुद्धा कळलं, आवाज वेगळा होता. पोकळ. मडक्यासारखा.

ती पालथी झोपली जमिनीवर, बुटांसकट. ब्रशने, मग पाण्याने, कड घासत बसली. कितीतरी वेळ. मग म्हणाली, "हा दगड अखंड नाहीये. इथे सांधा आहे."

मुलगा म्हणाला, "शक्य नाही. मी लहानपणापासून बघतोय."

"दगडाची भुकटी आणि चुना. त्याच दगडाची भुकटी. रंगाला रंग मिळवलाय. ये, बघ."

तोही झोपला जमिनीवर. नखाने खरवडलं. मग हळूच म्हणाला, "पाचर आहे." दोन्ही बाजूंना दगडाच्या पाचरी होत्या, बारीक, बोटाएवढ्या. कटर बाजूला ठेवला त्याने आणि बापाची जुनी छिन्नी मागवली घरून. सून पळत गेली.

पाचरी निघाल्या. साखळीने ओढल्यावर ह्यांची दिवेवाली इंच इंच पुढे आली, अख्खी, आणि पोत्यांवर उताणी झाली. तिला ओरखडा नाही. मागे भार पेलणारा दगड तसाच उभा, त्याच्यात कोनाडा कोरलेला. आणि कोनाड्यात, खाली, दोन पाय.

जुनीचे. घोट्यापर्यंत. अंगठ्याशेजारी जोडवी, बोटं अशी की आत्ता पाऊल टाकेल. वर करवतीची खूण. चोरांनी वरचं नेलं, पाय इथेच, ढिगाऱ्याखाली, कुणाच्या नजरेस न पडता राहिले होते, आणि ह्यांनी ते उपटले नाहीत. तिच्या पायांना धक्का न लावता वर आपला दगड बसवला, आपल्या मूर्तीचा तळ आतून पोखरून. निघेल असा बसवला. आणि कोनाडा डॉक्टरणीने टेपने मोजला, तर येणारीच्या अंगाला बेताचा.

भाषणराव वाकून पायांकडे बघत होते. मुलगा त्या पायांसमोर मांडी घालून बसला होता.

तेव्हा मला एक आठवलं. मूर्ती झाली होती, लोक बघून गेले होते, तरी हे आणखी कितीतरी महिने पोत्याचा पडदा लावून आत काहीतरी करत होते. डबासुद्धा पडद्याबाहेरून घ्यायचे. मी चिडायची, "अजून काय चाललंय?" तर म्हणायचे, "तिची वेणी घालतोय." मी त्याचाही अर्थ गिरणीकडेच लावला होता.

मला का नाही सांगितलं? पायसुद्धा चोरीला जातील म्हणून. कुणालाच सांगितलं नाही, मला तर नाहीच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! खरंच सांगते, माझ्यावर त्यांनी एवढा विश्वास कधी ठेवला नव्हता जेवढा तिच्या परत येण्यावर ठेवला. सगळे म्हणायचे, गेलं ते गेलं. हे जागा धरून बसले होते.

डॉक्टरणीने माझा हात धरला. म्हणाली, "आजी, मी त्यांना भेटायला हवं होतं."

मी म्हटलं, "आत्ताच भेटलीस की."

१६ मार्च

ह्यांची दिवेवाली शेडमध्ये आणली. डॉक्टरीण म्हणते, मंडपाच्या आत तिला वेगळा चौथरा करू, ती पण आता ठेवाच आहे. तोवर आमच्याकडे पाहुणी. सुनेने तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. मग मला म्हणाली, "आई, इकडे या. हिच्या शेजारी उभ्या राहा, फोटो काढते."

"मी नाही बाई त्या गिरणीवालीशेजारी उभी राहणार."

सून हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली. मुलगा पण. मग बघते तर सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. म्हटलं, "झालं काय तुला?" तर म्हणाली, "काही नाही, तुम्ही फक्त अशीच भुवई वर ठेवा." आणि फोटो काढला.

आजकालच्या मुलींचं काही कळत नाही.

२९ मार्च

दिवेवाली घरी आली.

लाकडी पेटीतून काढली तेव्हा बाजारातली माणसं आपोआप गोळा झाली. कुणी सांगितलं नव्हतं. कपडे इस्त्री करणारा दुकान उघडं टाकून आला. खांद्यावर पोरं घेऊन बापे उभे. यंत्राने तिला उचललं आणि मुलाने, डॉक्टरणीने हातांनी वळवत वळवत तिच्या स्वतःच्या पायांवर उभी केली. जोड दिसतो, घोट्यापाशी एक बारीक रेघ. डॉक्टरीण म्हणाली, "लपवणार नाही आम्ही." मला पण तेच बरं वाटलं. झालं ते झालं, लपवायचं कशाला. उभी आहे ना!

भाषणरावांनी भाषण केलं. कधी नव्हे ते ह्यांचं नाव घेताना अडखळले, चष्मा काढला, पुढचं पान सापडेना. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोन शब्द बोला." मी मान हलवली. माईकसमोर माझी चौथी उघडी पडायची.

गर्दी पांगल्यावर गेले जवळ. आणि तेव्हा दिसलं. ही सरळ बघत नाही. मान किंचित डावीकडे. आणि डावी किंचित उजवीकडे. एकमेकींकडे बघतायत. मधून माणसं येणार, जाणार, राजे असोत, सावकार असोत, आणि ह्या दोघी त्यांच्या डोक्यावरून एकमेकींना बघून ओठांत हसतायत. आत्ताच गेला ना, त्याच्यावर. मला बरोबर कळलं. मी आयुष्यभर दारात बसून तेच केलंय.

आपल्या देशाची थोरवी सांगताना लोक गड सांगतात, राज्यं सांगतात. असेल, तेही खरंच असेल, मला वाचता येतं तेवढंच ठाऊक. पण कुणी एक पाथरवट होता, त्याने दोन बायकांना दारात उभं राहून हसताना पाहिलं, आणि त्याला वाटलं, हे जाता कामा नये. आणि बाकीच्यांनी त्याला ते मोठ्या दारावर कोरू दिलं. त्या लोकांची मी आहे. माझा माणूस तर होताच.

चप्पल बाहेर काढली होती. पाय भाजत होते. तरी बराच वेळ उभी राहिले.